पिंपाच्या आतून गेलेलं चाक

ओमानमधल्या गाला भागातल्या गॅरेजात बारा वर्षं माझी गाडी एकच माणूस बघतो. तो दापोलीकडचा. मी तक्रार सांगू लागलो की हातानं थांबवतो, बॉनेटला कान लावतो आणि म्हणतो, "तुम्ही नको, हिला बोलू द्या."

शुक्रवारी तो मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरतो. वळणं पिंपं ठेवून आखलेली, चाक त्यांच्या बाहेरूनच न्यायचं. गाडी भंगारातून आणून स्वतः बांधलेली, समोर निम्म्या वयाचे ओमानी तरुण. दुसरा नंबर पुष्कळदा आला, पहिला कधीच नाही. विचारलं तर म्हणायचा, "पुढच्या खेपेला, इन्शाल्ला."

गेल्या हिवाळ्यात मी बघायला गेलो आणि त्याच दिवशी तो पहिला आला. आम्ही ओरडत होतो. त्यानं हेल्मेट काढलं आणि तो थेट पंचांकडे गेला.

"शेवटच्या वळणावर माझं चाक पिंपाच्या आतून गेलं. नंबर त्या पोराला द्या."

"कुणीच पाहिलं नाही," पंच म्हणाले.

"मी पाहिलं ना. खलास."

कप मागच्या तरुणाला मिळाला. त्यानं याच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

मी जवळ जाऊन विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं तर, भाऊ! जिंकलो म्हणून घरी फोन लावणार होतो." डोळे पुसून तो गाडी पिकअपवर चढवायला गेला.

शेजारच्या अनोळखी माणसानं मला हिंदीत विचारलं, हा कोण?

मी साताऱ्याचा, दापोली अजून पाहिलेलीही नाही. तरी छाती काढून म्हणालो, "हमारे गाँव का है."