शेवटी जेवायची सवय

फौजेतली ठरलेली वर्षं संपवून मी जालन्याला परत आले, तेव्हा मामांनी मला त्यांच्या बियाण्याच्या कारखान्यात बोलावलं. "तिथं माल आणि माणसं सांभाळलीस, इथंही तेच आहे," म्हणाले आणि सोयाबीन निवडून पिशव्या भरायचं काम माझ्याकडे सोपवून मोकळे झाले. पेरणीआधी पिशव्या दुकानांत पोचल्या नाहीत तर हंगाम गेला, एवढंच बजावलं.

निवडायला अंबडकडच्या बाया टेम्पोने यायच्या. मी मुळात कमी बोलणारी, त्यात इंग्रजी शाळेतली. त्यांच्याशी बोलायचं वाक्य आधी मनात जुळवायचे, आणि ते जुळेपर्यंत त्या दुसऱ्याच विषयावर गेलेल्या असायच्या. मग मी बोलण्याऐवजी फौजेतल्या सवयींवर भिस्त ठेवली. सगळ्यांच्या आधी येऊन उभं राहायचं. जिथं जास्त धूळ उडते, तिथं रोज थोडा वेळ आपणही बसायचं. आणि जेवायचं सगळ्यांच्या शेवटी.

ही शेवटची सवय आमच्या सुभेदार साहेबांची. नवी अधिकारी म्हणून पहिल्याच दिवशी मी लंगरात, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, ताट घ्यायला पुढे गेले, तेव्हा ते कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "मॅडम, पहले जवान." त्यानंतर जवानांची ताटं भरल्याशिवाय मी ताट उचललं नाही.

कारखान्यात दुपारी बाया लिंबाखाली डबे उघडायच्या, मला हाक मारायच्या. मी "तुम्ही बसा" म्हणायचे. त्यांचं आटोपलं की केबिनमध्ये जाऊन डबा उघडायचे.

मे महिन्यात, अजून बराच माल पडून असताना, त्यांच्यातल्या मुकादम मावशी केबिनच्या दारात आल्या. मागे बाकीच्या.

"मॅडम, उद्यापासून आम्ही न्हाई येणार. पलीकडचे कारखानेवाले बोलावून राह्यलेत."

"काही कमी पडतंय का?"

"कमी काईच न्हाई. पण तिथली मॅडम आमच्यात बसून जेवती."

मागून एक म्हणाली, "आपल्या हातचं मोठ्या माणसाला चालत न्हाई, मावशी. दार लावून बिर्याणी खात असतील."

सगळ्या हसल्या. माझ्याकडे मात्र कुणी बघितलं नाही.

या वेळी वाक्य जुळवायला सवड नव्हती. आलं तसं बोलले. फौजेत साहेबानं आधी खायचं नसतं, हाताखालच्या माणसांचं पोट भरल्यावरच, मी तुमचा मान म्हणून थांबते.

मावशींनी थोडा विचार केला. "म्हंजी घरच्या बाईवानी. सगळ्यांचं झाल्यावर आपण."

"हो."

"अन् फौजेत दार लावून खातेत का?"

मला लंगर आठवला. मी शेवटी जेवायचे, पण एकटी कधीच नाही. माझं होईपर्यंत सुभेदार साहेब चहाचा कप घेऊन समोर बसून असायचे. मी जालन्याला येताना निम्मीच सवय घेऊन आले होते.

"नाही," मी म्हणाले.

"मंग शेवटी खा. पण इथं भाईर खा."

उद्या येणार की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचं मला धाडस झालं नाही. सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर फाटकाशी जाऊन उभी राहिले. टेम्पो आला. मावशी उतरल्या, पदर खोचला आणि थेट आत गेल्या. असं हायसं मला फौजेतही क्वचितच वाटलं असेल.

दुपारी मी बंद डबा मांडीवर घेऊन लिंबाखाली बसले. त्यांचं जेवण झालं, पण कुणी उठलं नाही. प्रत्येकीने काही ना काही राखून ठेवलं होतं: भाकरीचा चतकोर, ठेचा, वांग्याची फोड. माझ्या झाकणात मावेना.

"जल्दी आवरा, ताई," मावशी म्हणाल्या. "माल पडलाय."

त्या हंगामात आमच्या पिशव्या पेरणीआधी गेल्या. मामांनी त्याचं श्रेय फौजेला दिलं, आणि मी ते अर्धं सुभेदार साहेबांकडे मनातल्या मनात पोचवलं. उरलेलं लिंबाखाली आहे.

लिंबाखालच्या त्या पहिल्या दिवशी माझ्या डब्यात शेपूची भाजी होती. बिर्याणीवाल्या बाईंनी ती चाखली आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं.