क्रिमियाच्या पेपरातली गाळलेली ओळ

मी कोल्हापुरात रशियन शिकवायचे असं सांगितलं, की लोक विचारतात, "कुणाला?" नव्वदच्या दशकात हा प्रश्न मलाही पडायचा. मी ही भाषा शिकायला लागले तेव्हा सोव्हिएत युनियन होतं. प्रमाणपत्र हातात आलं तोवर तो देशच उरला नव्हता. घरच्यांनी पुष्कळ चेष्टा केली. पण दहा-बारा वर्षांनी आपल्या भागातली मुलं डॉक्टर व्हायला युक्रेनला जायला लागली, त्यातली बरीचशी क्रिमियात. तिथं सगळा व्यवहार रशियनमधून चाले. जाण्याआधी काही महिने ती संध्याकाळी माझ्या घरी शिकायला येत. त्यांना माझ्याकडे धाडायचा तो परदेशी प्रवेश करून देणारा एजंट.

शिरोळकडची एक मुलगी अशीच शिकून गेली. तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, मीही म्हणायचे. नवरा लवकर गेला होता. त्यांच्या वस्तीतून परदेशी शिकायला गेलेली ही पहिली मुलगी. निघताना माय-लेकी मला भेटायला आल्या, तेव्हा 'जय भीम' करून सिस्टर एवढंच म्हणाली होती, "भाषा तुम्ही दिलीया. तेवढीच तिच्या हातात हाय."

मुलगी तिसऱ्या वर्षाला होती तेव्हाची ही गोष्ट. दोन हजार सहाचा जून. सिस्टर न कळवता दारात उभी. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या: लष्करी सरावाचं सामान घेऊन अमेरिकेचं जहाज क्रिमियातल्या एका बंदरात आलंय आणि तिथले लोक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेत.

"सराव म्हणं!" खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली. "ह्यांस्नी सराव करायला सोताच्या घरात जागा न्हाय व्हय? दुसऱ्याच्या अंगणात येऊन काठ्या फिरवल्या, की भांडणच हुणार की."

"मुलीला फोन केला का?"

"केला. म्हणाली, 'काळजी करू नको, इकडं सगळं शांत हाय.' एजंटाला केला. त्योबी म्हणाला, 'काळजी करू नका, तिकडं सगळं शांत हाय.' मॅडम, दोघांचं बोलणं शब्दाला शब्द सारखं. मग मला शंका येणार न्हाय?"

तिनं पिशवीतून एक पेपर काढला. कुरुंदवाडचा एक मुलगा तिच्या मुलीच्याच कॉलेजात पुढच्या वर्गात होता. तो भावाच्या लग्नाला आला होता आणि त्याच्याबरोबर मुलीनं आईसाठी शाल पाठवली होती, तिकडच्या पेपरात गुंडाळून. सिस्टरनं तो पेपर चक्क इस्त्री करून आणला होता.

त्यात एक फोटो होता. बंदराचं फाटक, पुढं गर्दी, झेंडे, स्टुलांवर बसलेल्या म्हाताऱ्या. कडेला एक पाठमोरी मुलगी, हातात किटली, पाठीवर लांब वेणी.

"ही माझी पोरगी हाय."

"सिस्टर, वेणी काय, कुणाचीही असेल."

"ती वेणी मी घालत आलीया. वाचा, खाली काय लिवलंय."

खाली दोन वाक्यं होती. पहिलं मी मोठ्यानं वाचलं: "परदेशी सैनिक परत जावेत म्हणून बंदराच्या फाटकाशी बसलेले गावकरी." दुसरं मी मनात वाचलं: "त्यांना चहा-जेवण पोचवणाऱ्यांत परदेशी विद्यार्थीही आहेत." आणि पेपराची घडी घातली.

"एवढंच?"

"एवढंच."

ती बाई उगीच घाबरेल, असं मी स्वतःला सांगितलं. पेपर कुठल्या बाजूचा, तो कितपत खरा, हे तरी कुणाला ठाऊक, असंही सांगितलं. पण आणखी एक कारण होतं. माझ्या वर्गातली त्या वर्षीची सगळी मुलं तिकडंच निघाली होती.

चार दिवसांनी ती पुन्हा आली. ह्या वेळी बसली नाही.

"मॅडम, खाली दोन वाक्यं हायत. तुम्ही एकच वाचलं."

ती कुरुंदवाडला जाऊन आली होती. तो मुलगा आपल्या पोरीच्याच बाजूनं वाचणार, असा तिला संशय होता, म्हणून तर ती आधी माझ्याकडे आली होती. पण त्या पोरानं आडपडदा न ठेवता जे होतं ते वाचून दाखवलं.

"तुम्ही एजंटाला मिळालाय काय?"

"नाही हो, सिस्टर!" मी म्हणाले. पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही. मी फोन तिच्यापुढं सरकवला. तिनं मुलीला फोन लावला; पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

मुलगी पहिल्यांदा 'हॅलो, हॅलो' करत राहिली. मग तिनं कबूल केलं. घरमालकीण आजीचं माहेर त्या बंदराच्या गावात. आजी तिकडं धरणं धरायला निघाली, तिचे पाय सुजलेले, म्हणून ही सोबतीला गेली. दोन दिवस राहिली.

"मी घोषणा दिल्या न्हाईत, आई. नुसती किटली धरली."

"आन् त्या जहाजाला बोलावलं कुणी?"

"कोण म्हणतंय सरकारनं, कोण म्हणतंय कुणीच न्हाय. इथं शेजारी शेजाऱ्याकडं वाकडं बघायलाय."

"मग मला खोटं का सांगितलंस?"

"तू घाबरशील म्हणून."

सिस्टरनं रिसीव्हर कानाशी ठेवूनच माझ्याकडं पाहिलं. "समद्यांस्नी वाटतंय मी घाबरीन. मी रोज रक्त बघती! घाबरायचं का न्हाय ते माझं मी ठरवीन. आधी मला खरं तर कळू दे." मग फोनमध्ये म्हणाली, "म्हातारीला जप. पण गर्दीत पुन्हा जाऊ नगंस. तू पावणी हायस तिथं. पोलिसांनी उचललं तर सोडवायला कोण येणार?"

ती निघाली तेव्हा मी तिची माफी मागितली. "बरं," म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

त्या वर्षी तो सराव झालाच नाही. सैनिक गेले, जहाजही गेलं. मी मात्र त्यानंतर वर्गातल्या मुलांच्या आईबापांना घरी बोलावून पेपरात येतं तेवढं सगळं सांगायला लागले. दोघांनी मुलांची नावं काढून घेतली. एजंटानं हळूहळू माझ्याकडं मुलं धाडणं बंद केलं.

मुलगी तीन वर्षांनी डॉक्टर होऊन परतली. इथल्या नोंदणीसाठी तिच्या कागदांचं भाषांतर लागत होतं, ते घेऊन सिस्टरच आली. मला वाटलं होतं ती दुसऱ्या कुणाकडं जाईल. चहा घेतला, मग पहिला कागद टेबलावर पसरला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

"वाचा. मी बोट उचलल्याबिगर फुडं जायचं न्हाय."

मी एकेक शब्द वाचत गेले. शिक्क्याच्या गोलावरची बारीक अक्षरंसुद्धा.