पुढच्या चाकांचा लिव्हर

ग्रीसचा वास आला की मला मुखेडच्या बाजारामागचं ते पत्र्याचं गॅरेज आठवतं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. आमची जुनी फोर-व्हील पिकअप निघताना खालून खटकन आवाज करायची, आणि गिअरबॉक्स गेलाय असं मी वडिलांना, अण्णांना, रस्ताभर ऐकवलं होतं. म्हातारे मिस्त्री गाडीखाली सरपटले, पुढच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट हातानं हलवला आणि तिथूनच ओरडले, "गिअरबॉक्स चांगला हाय. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेलाय. सुक्या डांबरीवर फोर-व्हील टाकून कुणी पळवली?" शेतातल्या चिखलातून गाडी काढताना पुढच्या चाकांना जोर देणारा लिव्हर मीच टाकला होता आणि तो तसाच ठेवून डांबरी रस्त्यानं देगलूरला जाऊन आलो होतो. "अण्णांनी टाकला असेल," मी म्हणालो. मिस्त्री बाहेर येऊन वडिलांकडं वळले. "क्या दादा! गाडीवरच्या तुमच्या हाताची मी लोकांना मिसाल देतो, आन् तुम्ही आसं?" त्या आठवड्यात वडिलांनी गाडीला हातही लावला नव्हता. त्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. "हाव, माझ्याच्यानंच झालं. मला काय कळतंय त्यातलं." "मग चावी आता इंजिनेरसाहेबाला द्या," मिस्त्री हसले. वडिलांनी खरंच चावी माझ्या हातात ठेवली आणि मी ती घेतली. परतताना ते डाव्या बाजूला बसले. पुढं त्यांनी त्या गाडीचं स्टेअरिंग धरलं नाही. शिकलो याचा मला आजही अभिमान आहे, पण त्यांना ठाऊक असलेली ती गोष्ट माझ्या तोंडानं मी अजून कबूल केलेली नाही.