विलासिनीचेचीचा हुंदका

काक्कनाडच्या आमच्या डबिंग स्टुडिओत विलासिनीचेची, म्हणजे सगळ्यांची विलासिनीताई, बावीस वर्षं मल्याळी नायिकांना आवाज देत आली. पडद्यावर पोरगी कुठलीही असो, नवऱ्याची थोबाडीत बसली की रडायची ती चेचीच. त्या रडण्यावर दोन नट्यांनी बक्षिसं नेली, चेचीचं सिनेमाच्या पाटीवर नावसुद्धा नाही. "डोळे त्यांचे, घसा माझा," असं म्हणत ती वाफ घ्यायला बसायची.

परवा तिला पुन्हा बोलावणं गेलं. डेल्ना नावाच्या नव्या नटीनं स्वतःचा आवाज स्वतःच दिला होता आणि निर्मात्याला तो घोगरा वाटला. चेची आली तीच फणफणत. डेल्ना कोपऱ्यात केळ्याची भजी खात बसलेली.

"तेलकट गिळती आणि आवाज देती! घसा आहे का रहाट?" चेची माझ्या कानाशी लागली.

प्रसंग असा, की नवरा पक्षाचा पुढारी, बायकांच्या हक्कांवर भाषण ठोकून घरी आलेला. बायकोनं पंचायतीच्या निवडणुकीला अर्ज भरलाय. तो म्हणतो, मागं घे. ती म्हणते, "नाही घेणार."

चेचीनं वाक्य टाकलं. पडद्यावरच्या ओठांशी शब्द जुळले, रेकॉर्डिंग करणारा मी खूश. दिग्दर्शक सजीशनं मात्र नकारार्थी मान हलवली.

"चेची, आधी बारीक हुंदका येतोय. तो नको."

"कुठाय हुंदका?"

मी ऐकवलं. होता. पुन्हा घेतलं, दुसऱ्यांदा होता, सातव्यांदाही होता.

"बाई नाही म्हणायची ती रडल्याबिगर कशी म्हणंल रे?" चेची भडकली. "आजवर तुम्हीच सांगत आलात, जरा पाणी येऊ दे आवाजात!"

"मी नव्हतो, चेची," सजीश म्हणाला.

"तुझ्या आधीचे होते." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "लाव तिचं."

डेल्नाचा आवाज आला. जाडाभरडा, सपाट. "नाही घेणार." चेचीनं तीनदा लावायला लावलं. 

"तिचाच ठेवा," हेडफोन काढत ती म्हणाली.

डेल्ना धडपडत उठली. "चेची, भजी घ्या ना."

"तूच खा."

जिन्यात मला म्हणाली, "जळते मी तिच्यावर, लपवत नाही. मला हे वाक्य पंचविशीत कुणी दिलं असतं तर माझ्याही घशात हुंदका राहिला नसता."  रस्त्यावर येऊन तिनं रिक्षाला हात केला.