केसरबाईंचा मुरलेला रस्सा

केसरबाईंच्या खानावळीत भाजीत मीठ कमी पडलं तरी कुणी तोंड उघडत नसे. भोसरीत खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या माणसाला तोंड उघडायची सोयच नसते. बाई लातूरकडच्या. जीभ तिखट, वाढायला हात मात्र सैल. त्यांना दोन गोष्टींचा गर्व. एक म्हणजे मुलगी आम्रपाली, जी अन्नाचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. दुसरी म्हणजे मटणाचा रस्सा. मुलीचं कौतुक त्या कमी बोलून दाखवत, रश्शाचं जास्त.

रस्सा त्या आदल्या दिवशी करून ठेवत. शिजला की पातेल्यावर झाकण, वर परात, आणि सगळ्याला गोधडी गुंडाळायची. दुसऱ्या दिवशी फक्त कोमट करायचा. उकळी दिली की मटणाचे धागे होतात, असं त्यांचं ठाम मत. "मुरू द्या की जरा! जावयासारखं लगेच ताटावर काय बसता?" असं आम्हाला दटावत. त्यांची आईही असंच करायची, पण ती घरातल्या दहा माणसांसाठी.

यंदा आमच्या वर्कशॉपने आखाड पार्टी त्यांच्याकडे दिली. श्रावण लागण्याआधीचा शेवटचा रविवार, म्हणजे आमच्याकडे जवळजवळ सणच. बाईंनी मंडपवाल्याकडून भलंमोठं पातेलं आणलं. नाक्यावरच्या कोंडाजी खाटकाकडून शनिवारी मटण घेतलं, संध्याकाळी शिजवलं आणि नेहमीसारखं गुंडाळून ठेवलं. रविवारी दुपारी आम्ही बोटं चाटत जेवलो. सोमवारी पहाटे आमच्या खोल्यांमागच्या संडासापुढे रांग लागली. मीही त्या रांगेत होतो, तेव्हा हे ऐकीव नाही.

एक-दोन दिवसांत आम्ही बाकीचे उभे राहिलो. हिंदुराव मात्र आडवेच. लेथवरचे सगळ्यात जुने कारागीर, त्यात साखरेचं दुखणं. अंगातलं पाणी इतकं गेलं की मूत्रपिंडं कुरकुरू लागली आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आमच्यातले काही जण तावातावाने खानावळीत गेले. बाई घाबरल्या आणि बोलून गेल्या, "मटणच शिळं दिलं असंल कोंडाजीनं. मी काय करू त्याला?"

तेवढं पुरलं. ती मंडळी तशीच नाक्यावर गेली, कोंडाजीला शिव्या घातल्या आणि त्याचं शटर खाली ओढून आली. दुसऱ्या दिवशी त्याने दुकान पुन्हा उघडलं. श्रावणात गिऱ्हाईक तसंही कमी, आता तर श्रावण न पाळणारेही लांबून जाऊ लागले.

उरलेला रस्सा आम्रपालीने आधीच तपासायला नेला होता. तिने घरी येऊन आईला समोर बसवलं.

"आई, मटणात खोट नव्हती. उकळीने जंतू मरतात, पण काही जंतूंची बीजं उकळीलाही दाद देत नाहीत. रस्सा कोमट राहिला की ती रुजतात. लहान पातेलं लवकर निवतं. एवढं मोठं पातेलं, वर तुझी गोधडी, मग काय होणार?"

"पोरी, आजवर कुणाला काही झालं का?"

"आजवर एवढा रस्सा केलास का?"

आम्रपाली पुढे सांगत राहिली. हे जंतू पोटात गेले की विष सोडतात. आतड्याच्या प्रत्येक पेशीला पातळ आवरण असतं. आत काय घ्यायचं, बाहेर काय सोडायचं, ते आवरण बघतं. विषाचे कण त्यावर चिकटतात, सहा-सहा जण गोल जमून कडं करतात आणि ते कडं आवरणात घुसतं. आरपार भोक पडतं. बाहेरचं कॅल्शियम आत लोटतं, आतलं बाहेर गळतं आणि पेशी मरते. अशा अगणित पेशी मेल्या की आतडं पाणी धरून ठेवत नाही.

"म्हंजी हिंदुरावांच्या आतड्याची मी चाळण केली," बाई म्हणाल्या.

"नवीन पेशी येतात, आई. ते भरून निघतं."

"आन् कोंडाजीचं?"

याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळण्यासारखं नव्हतं.

खरं बोललं तर खानावळ बुडणार, हे बाईंना दिसत होतं. त्या रोज हिंदुरावांसाठी पेज घेऊन दवाखान्यात जात. त्यांची बायको सुमनताई हात धरून म्हणायची, "त्या खाटकानं मारलं आन् तुमी जगवताय." बाईंना तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी त्या डबा धुऊन घेत आणि घरी येत. येताना नाका टाळून मागच्या गल्लीने येत.

हिंदुराव घरी आले त्या सकाळी बाई नाक्यावर गेल्या. कोंडाजी रिकाम्या दुकानात माश्या वारत बसला होता.

"कोंडाजीभाऊ, तुमचं मटण चांगलं होतं. चूक माझी झाली. आन् खोटंबी मीच बोलले."

"ठावं हाय," तो म्हणाला. "त्याच बोकडाचं आमच्या घरी शिजलं व्हतं. नातवंडांनी खाल्लं. कुणाला काय बी झालं न्हाई."

"मग तुमी बोललात का नाही?"

"खाटकाचा शबूद कोन मानणार, ताई? तुमी बोलाल म्हणून रोज उघडून बसत व्हतो."

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाई अजून म्हणतात. त्या तिथून सरळ वर्कशॉपच्या गेटवर आल्या आणि जेवणाच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांसमोर उभ्या राहून गोधडीपासून खोट्यापर्यंत सगळं बोलल्या. रडल्या नाहीत. निम्म्या लोकांनी दुसऱ्या दिवसापासून खानावळ सोडली. शटर ओढणारे त्यांत सगळ्यात पुढे होते. बाईंना ते अजून नावं ठेवतात. माफी मागायला कोंडाजीच्या दुकानाची पायरी मात्र आमच्यातला एकही जण अजून चढलेला नाही.