दादाच्या क्वाडची मूठ

माझा भाऊ हेमंत पहिल्या गिअरमध्ये असताना गेला.

आज वर्ष झालं. सकाळी आगाशीला दादाच्या घरी श्राद्ध झालं, पानं उठली, आणि आता माणिकपूरला माझ्या घरी बसून हे लिहिते आहे.

"या वयात कसले स्टंट करायचे!" हे मयताला आलेली माणसं आमच्याच अंगणात बोलत होती. मी ऐकलं. नक्की काय झालं ते तेव्हा मलाच कळलं नव्हतं.

दादाकडे एक जुनी स्पोर्ट क्वाड होती. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात ना, तशी चार जाड चाकांची गाडी. फक्त ही हलकी, शर्यतीची. एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या मागे खाऱ्या हवेत गंजत पडली होती. दादाने ती टेम्पोत घालून घरी आणली.

वहिनी म्हणाली, "लोक भंगार विकतात. आमच्याकडे विकत घेतात."

"अगं, इंजिन जिवंत आहे."

"तुम्हाला बोललं वाटतं ते?"

वहिनी टोमणे मारत होती, पण मनातून खूश होती. गोखिवऱ्याच्या कंपनीत दादाचा उजवा अंगठा प्रेसमध्ये सापडला, तेव्हापासून तो घरीच होता. डॉक्टरांनी अंगठा जोडला. दिसायला अंगठा, पण त्यात जोर नाही. शर्टाची बटणं वहिनी लावायची. दादा दिवसभर ओट्यावर बसून केळींकडे बघत राहायचा.

क्वाडने त्याला ओट्यावरून उठवलं.

कार्बोरेटरमधून वाळू निघाली. चेन तर गंजून एक सळईच झाली होती. मागच्या अ‍ॅक्सलचे बेअरिंग, ब्रेकच्या नळ्या, सगळं त्याने डाव्या हाताने खोललं आणि डाव्या हाताने बसवलं. फ्रेम घासून लाल प्रायमर मारला. मागे जास्त ताकदीचा शॉकअप टाकला. मी रविवारी जायचे तेव्हा माझ्या हातात पाना द्यायचा आणि "धर" म्हणायचा. एवढंच काम मला जमायचं.

ज्या दिवशी गाडी सुरू झाली त्या दिवशी वाडीभर धूर झाला. वहिनी दोरीवरचे कपडे ओढत ओरडत होती आणि हसतही होती.

पण दादाला ती चालवता येईना.

क्वाडला बाईकसारखी मूठ पिळायची नसते. उजव्या अंगठ्याने एक छोटा लिव्हर दाबून ठेवायचा, तेव्हा गाडी पळते. नेमका अंगठाच.

पुढच्या रविवारी गेले तर लिव्हर काढलेला. त्या जागी जुन्या बाईकची मूठ.

"अरे, बनवणाऱ्यांनी काही विचार करूनच लिव्हर दिला असेल ना?"

"शुभे, त्यांना बाईकची सवय नसेल. आपल्याला आहे. आणि अंगठा नाही म्हणाला तरी मनगट माझंच आहे."

मी रोज स्कूटर चालवते. मला ते पटलं.

वाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध आहे, कमरेएवढा. दादा पहिल्या गिअरमध्ये सावकाश त्यावर चढत होता. मी तिथे नव्हते, वहिनी समोर उभी होती. गाडी पुढून उचलली, दादा मागे घसरला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी आणखी जोरात ओरडली. मग त्याच्यासकट मागे उलटली.

हॉस्पिटलच्या बाकावर वहिनी एकच विचारत होती, "ते पडत होते ना गं, मग गाडी रेस कशी झाली?"

पावसाळा संपल्यावर किनाऱ्यावर राइड देणारा एक माणूस गाडी मागायला आला. वहिनी म्हणाली, "ताई, तू एकदा बघून घे. देऊ ना?"

मी पडवीत जाऊन क्वाडवर बसले. इंजिन बंद. दादा घसरला असेल तशी मागे झुकले आणि पडू नये म्हणून हँडल घट्ट धरलं.

मूठ आपोआप फिरली.

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा फिरली.

लिव्हर असता तर अंगठा सुटला असता आणि गाडी मंदावली असती. बाकीची बोटं कितीही घट्ट धरोत. मूठ तशी नाही. मागे जाणारा माणूस तिला जितकं धरेल तितकी ती गाडी पळवते.

हे वहिनीला सांगायचं का? सांगितलं, तर नवऱ्याने हौसेने केलेल्या कामानेच त्याला नेलं, हे तिच्याजवळ कायमचं राहणार. नाही सांगितलं, तर किनाऱ्यावर कोणाचं तरी पोर त्या गाडीवर बसणार.

मी सांगितलं.

वहिनीने पडवीत येऊन मूठ स्वतः पिळून पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी सोडायला हवं होतं."

"हो."

"आणि मी ओरडत होते, 'घट्ट धरा, घट्ट धरा.'"

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी सांगितलं असतं का?

राइडवाला टेम्पो घेऊन आला तेव्हा वहिनी त्याला म्हणाली, "आधी लिव्हर बसवून देते, मग न्या."

"नको वहिनी, मूठच राहू द्या. गिऱ्हाइकाला बाईकसारखंच आवडतं. शिकवावं लागत नाही."

"मग गाडी देत नाही."

"अहो, असं काय करता?"

"नाही म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी तिने वेल्डरला बोलावून फ्रेम कापून घेतली. शेवटचा तुकडा पडेपर्यंत उन्हात उभी होती. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही.

आज जेवणं झाल्यावर तिला विचारलं, "फेसबुकवर लिहू का?"

"लिही."

"तू ओरडलीस ते सोडून देते."

"तेही लिही," वहिनी म्हणाली. "नाहीतर लोक घट्टच धरतील."

म्हणून लिहिलं. क्वाडवर बसण्याआधी उजव्या हाताखाली काय आहे ते बघा. मूठ पिळायची असेल तर बसू नका, मुलांना बसवू नका. आणि गाडी उलटायला लागली तर हात सोडा.

दादा, येते रे.

तुझी शुभा