नर्मदेला आलेली भरती

भूतखेत, चकवा, असलं काही मी मानत नाही. न्हावा शेव्याला कस्टमची कागदपत्रं करते मी. सही-शिक्क्याशिवाय आमच्याकडे काहीच खरं नसतं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय...

गेल्या हिवाळ्यात खांदेश्वरहून गाडीने मध्य प्रदेशात निघालो – मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचा एकच हट्ट. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर ज्या घाटावरून नर्मदा उतरून उत्तरेला गेले, तिथे पाय बुडवायचे. हायवे सुटला, मग डांबर संपलं, शेवटी कपाशीच्या शेतातून चालत पोचलो. काळ्या दगडी पायऱ्या, आणि चिटपाखरू नाही.

सासूबाई पार खालच्या पायरीवर बसल्या. त्यांचे गुडघे असे, की बसल्या तर उठवायला दोन माणसं लागतात. नवरा फोटो काढायला वर गेला.

मी मूळची उरणच्या खाडीकाठची. पाण्याशी गेलं की आधी दगडावरची ओली रेघ बघायची, ही आमची खोडच. बघितली... रेघ पाण्याखाली! म्हणजे पाणी चढतंय!

"आये, उठ बेगीन! भरती आयली!" मी ओरडले.

नवरा वरून खो खो हसला. "अगं, नदीला कसली भरती? हिला जिथे तिथे खाडीच दिसते!"

मी ऐकते कशाला! सासूबाईंना काखेत धरलं, उचललं आणि ओढत वर नेलं – एकटीने! मागे वळून बघते तर त्यांची पायरी गडप. पाणी उलटं, समुद्राच्या बाजूने चढत होतं. नवऱ्याचं हसू जागच्या जागी थांबलं. बघता बघता पाणी आलं तसं ओसरलंही.

"धरणातून सोडलं असेल," तो पुटपुटला. वळणापलीकडे एक नावाडी होता, त्याला विचारलं.

"पानी? यहाँ तो एक उंगली नहीं चढ़ा," तो म्हणाला. त्याची नाव कोरड्या चिखलात होती.

संध्याकाळी लॉजवर सासूबाईंच्या साडीचा काठ वाळला, तर पांढरा. जिभेला लावून बघितलं. खारट!

"मला आज अगं-तुगं केलंस," सासूबाई म्हणाल्या. मी जीभ चावली. "तसंच म्हणत जा. उचललंस ना मला? मग आता अहो-जाहो कसलं!"

नर्मदेत मीठ कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. नवऱ्यालाही नाही. पण हल्ली सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये उतरतानासुद्धा तो आधी मला विचारतो, "भरती नाही ना गं?"